जाहिरातीतली जमीन

आमच्या धंद्याला मराठीत धड नाव नाही. 'दलाल' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते आणि 'एजंट' म्हटलं की त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत 'व्यवसाय' लिहायची वेळ आली तेव्हा सोयरे मंडळींनी 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असं सुचवलं. मी 'जमीन-जुमला' एवढंच छापलं. चंद्रपुरात गेली तीसेक वर्षं मी हेच करतो. ज्याला विकायचं आहे त्याची आणि ज्याला घ्यायचं आहे त्याची गाठ घालून देतो आणि रजिस्ट्री झाली की दोन टक्के घेतो. या दोन माणसांची गाठ पडायची तर आधी कुणाला तरी काहीतरी कळायला हवं. म्हणजे जाहिरात आली. सांगतो ती गोष्ट तिच्याचबद्दल आहे.

मी धंद्यात पडलो तेव्हा जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती. शब्दामागे पैसे असल्यामुळे आम्ही भाषेचे भलतेच काटकसरी झालो होतो. 'नागपूर रोड टच, एन.ए., पाणी, वीज, संपर्क' एवढ्यात एका माणसाचं आयुष्यभराचं स्वप्न बसवायचं. दुसरा मार्ग भिंतींचा. पेंटरला घेऊन मूल रस्त्याने, बल्लारपूर रस्त्याने फिरायचं, घरमालकाला विचारायचं आणि चुन्यावर निळ्या अक्षरांत ले-आऊटचं नाव लिहायचं. चैत्रात महाकालीच्या यात्रेत पत्रकं वाटली, ती लोकांनी प्रसादाचे फुटाणे बांधायला वापरली. त्या जाहिरातींचा एक गुण होता, तो तेव्हा लक्षात आला नाही. भिंत जिथे होती तिथेच राहायची. जाहिरात खोटी निघाली तर गिऱ्हाईक त्याच रस्त्याने येऊन आपल्या दारात उभं राहायचं.

मग भाचा आला. इंजिनीअरिंग करून नोकरी न मिळालेली मुलं आता घरोघरी आहेत. आमचा मुलगा त्यातलाच, पण डोक्याने तल्लख. त्याने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, "मामा, तुमच्या पेंटरला आता निवृत्त करा." फेसबुकवर दुकानाचं पान उघडलं, व्हॉट्सॲपवर याद्या केल्या, मोठ्या संकेतस्थळांवर नाव घातलं. 99 एकर्स 2005 पासून आणि मॅजिकब्रिक्स 2006 पासून चालत आलेली असली तरी चंद्रपुरातल्या प्लॉटला त्यांचा फारसा उपयोग होईल असं मला वाटत नव्हतं. झाला. पुण्यात नोकरी करणारी आमच्याकडची मुलं आईबापांसाठी गावाकडे घर बघत होती, ती तिथे सापडली. पहिल्या वर्षात भिंतींनी पाच वर्षांत दिलं नव्हतं तेवढं फोनने दिलं. मी भाच्याला डोक्यावर घेतलं, हे कबूल करायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सूरजागडचं नाव वाचकांना माहीत असेल. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर लोहखनिजाचा आहे. माडिया-गोंड लोकांचा ठाकूरदेव तिथे आहे. जानेवारीत यात्रा भरते आणि आसपासच्या कितीतरी गावांची माणसं चालत डोंगर चढतात. 1858 साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या आणि चंद्रपुरात फाशी गेलेल्या वीर बाबूराव शेडमाके यांची आठवणही त्या मुलखात जागती आहे. 2007 साली डोंगरावर खाणीचा पट्टा मंजूर झाला. 2016 साली खणायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी पायथ्याशी सुमारे 80 वाहनं पेटवून दिली. थांबलेलं काम 2021 साली पुन्हा जोमाने सुरू झालं आणि आलापल्ली-आष्टीच्या रस्त्याला ट्रकांची रांग लागली. खाण हवी की नको, यावर या पानांतून पुष्कळ लिहून झालं आहे, तो माझा विषय नाही. आमच्या धंद्यापुरतं सांगायचं तर ट्रक दिसू लागले आणि जमिनीचे फोन सुरू झाले. नागपूर, वर्धा, अगदी हैदराबादहूनसुद्धा. ज्यांनी आयुष्यात गडचिरोली पाहिली नव्हती त्यांना गडचिरोलीत प्लॉट हवा होता.

2022 च्या सप्टेंबरात एक ले-आऊटवाले माझ्याकडे आले. नाव घेत नाही. आष्टीच्या अलीकडे त्यांनी शेत घेऊन प्लॉट पाडायला काढले होते. सूरजागड तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर तरी सहज असेल. पण जाहिरातीत सूरजागड हवंच, असा त्यांचा आग्रह. "महारेराची नोंदणी?" मी विचारलं. "चालू आहे, आठ दिवसांत येते." वास्तविक 500 चौरस मीटरच्या वरचा प्रकल्प असला की नोंदणी हाती येण्याआधी जाहिरात करताच येत नाही. कायदा 2016 चा आहे, महाराष्ट्रात महारेरा 2017 च्या मे महिन्यापासून काम करते, एजंट म्हणून 10 हजार रुपये भरून मी स्वतः तिथे नाव नोंदवलेलं आहे. हे सगळं ठाऊक असून मी हो म्हटलं. दसरा तोंडावर होता.

भाच्याने जाहिरात केली. मजकूर माझाच. 'सूरजागडला लागून! प्रस्तावित रेल्वे! प्रस्तावित विमानतळ! 1500 चौ. फुटांचे मोजकेच प्लॉट!' आमच्या धंद्यात 'प्रस्तावित' या शब्दाइतका स्वस्त माल दुसरा नाही. तो लावला की कुठलीही गोष्ट आज असल्यासारखी दिसते आणि उद्या झाली नाही तरी कुणी तुमचं काही बिघडवू शकत नाही. राहिला फोटो. जागेवर नुसता लाल मुरूम आणि सिमेंटचे चार खांब होते. भाचा म्हणाला, "मामा, हिरवं काहीतरी पाहिजे. लोक वाचत नाहीत, बघतात." त्याच आठवड्यात तो मित्रांबरोबर एटापल्लीकडे फिरायला गेला होता, तेव्हा रस्त्यावरून काढलेला एक फोटो त्याच्या मोबाईलमध्ये होता. पोटरीला आलेल्या धानाच्या बांध्या, मध्ये एक थोरलं मोहाचं झाड, मागे निळसर डोंगर. फोटो सुरेखच होता. तो लावला, वर पिवळी अक्षरं टाकली, तीन हजार रुपये भरले. चार दिवसांत अकरा हजार माणसांनी जाहिरात पाहिली.

पाचव्या दिवशी रात्री साडेनऊला फोन आला. तरुण मुलगा, शुद्ध बोलण्याचा प्रयत्न करत होता. "सर, तुम्ही टाकलेला फोटो आमच्या आजोबांच्या बांधीचा आहे." मला वाटलं, थट्टा आहे. तो पुढे म्हणाला, "गावात लोक जमले आहेत. आजोबांनी जमीन कंपनीला विकली म्हणतात. दोन दिवस कुणी त्यांच्याकडे आलं नाही. धान कापायला येणार नाही म्हणतात."

फोन ठेवल्यावर भाच्याने तोडगा काढला. जाहिरात पुसायची, नंबर बंद ठेवायचा, आठ दिवसांत लोक विसरतात. शहरात विसरतातही. पण फोनवरून गेलेली गोष्ट खेड्यात काय करू शकते हे आपण 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलेलं आहे. मुलं पळवणारे आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातली पाच माणसं तिथे जमावाने ठार मारली. त्यानंतरच भारतात व्हॉट्सॲपवर एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पाठवता येईनासा झाला. माझ्या डोळ्यांपुढून ते हलेना. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. "अहो, ज्याची बांधी त्याला जाऊन तोंड दाखवा," एवढंच बोलल्या आणि सकाळच्या डब्याची तयारी करायला लागल्या.

एस.टी.ने आलापल्ली, तिथून काळी-पिवळी. भाच्यालाही बरोबर घेतला. रस्त्याच्या कडेची झाडं धुळीने तांबडी झालेली. गाव चाळीसेक घरांचं. गोटूलच्या पुढे माणसं बसली होती, बाया एका बाजूला. बोलणं माडियात चाललं होतं, तो फोनवाला मुलगा आम्हाला मराठीत सांगत होता. आश्रमशाळेत शिकून तो आता अहेरीला कॉलेजात जात होता. मी हात जोडले, चूक कबूल केली, जमीन विकायला निघालेली नाही, फोटो नुसता शोभेसाठी लावला, असं सांगितलं. 'शोभेसाठी' या शब्दाचं माडियात काय केलं कोण जाणे, पण बायांच्या बाजूला कुणीतरी हसलं.

म्हातारे आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी नातवाचा मोबाईल मागून घेतला, माझ्यापुढे धरला आणि मोडक्या मराठीत विचारलं, "हे झाड कोनाचं लिवलं?" मी म्हटलं, "बाबा, झाडाचं काही लिहिलं नाही." "मंग हे पिवळं काय हाय?" पिवळ्या अक्षरांत माझा फोन नंबर होता, नेमका मोहाच्या बुंध्यावर.

दुसरा प्रश्न एका बाईने विचारला. हे किती लोकांनी पाहिलं? मी अकरा हजार सांगितलं. ते ऐकून सगळे एकदम गप्प झाले. आकड्याचा आम्हाला चार दिवस अभिमान वाटला होता. गावाची वस्ती दोनशेच्या आसपास. बाई म्हणाली, आणि मुलाने सांगितलं, "मग त्या अकरा हजारांना तुम्हीच सांगा."

एवढाच निर्णय झाला. दंड नाही, शिवी नाही. ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांना ही जमीन विक्रीची नाही हे कळलं पाहिजे.

परतताना भाचा चिडलेला होता. "मामा, समजा त्यांनी खरंच विकायची म्हटली असती तर?" तेव्हा मला कळलं की या पोराला मी जाहिरात करू दिली, पण जमीन शिकवली नाही. आलापल्लीच्या स्टँडवर चहा पिता पिता त्याला सांगितलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची. तिच्यात 1974 साली कलम 36-अ आलं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा, कशानेही जात नाही. कलेक्टरची परवानगी लागते आणि पाच वर्षांपर्यंतचं गहाण किंवा पट्टा सोडला तर त्या परवानगीलाही आधी राज्य सरकारची मान्यता लागते. एटापल्लीसारख्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात वर ग्रामसभेची पूर्वसंमती. त्याआधीच्या काळात, 1957 ते 1974 मध्ये, बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला होता, इतक्या त्या गेल्या होत्या. दारूच्या उधारीत, मिठाच्या पोत्यात, कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यात. आजोबांच्या गावाने दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं ते त्या आठवणीने. (2025 साली आदिवासी शेतकऱ्यांना जमीन थेट भाडेपट्ट्याने देता येईल असा कायदा करण्याची घोषणा महसूलमंत्र्यांनी केली, तेव्हा मला पहिल्यांदा तो गोटूल आठवला. तिथे ती बातमी कशी ऐकली असेल?)

जाहिरात आम्ही केली. तीन हजार पहिल्या जाहिरातीला दिले होते, तेवढेच दुसरीला दिले. तोच फोटो, तेच पिवळे अक्षर. 'ही जमीन विक्रीस नाही. आमच्या मागील जाहिरातीत हा फोटो चुकीने वापरला गेला. जमिनीच्या मालकाची व गावाची आम्ही क्षमा मागतो.' धंद्यातल्या मित्रांनी वेड्यात काढलं. गंमत अशी की त्या जाहिरातीवरसुद्धा फोन आले. 'विक्रीस नाही' हे वाचून सतरा जणांनी विचारलं, "ठीक आहे हो, पण भाव काय?" भाच्याचं म्हणणं खरं होतं, लोक वाचत नाहीत, बघतात. आम्हाला ते जाहिरात करताना सोयीचं वाटलं होतं, आता नडलं.

पण एक फोन वेगळा होता. बल्लारपूरच्या एका बाई. यजमान कागद गिरणीतून निवृत्त झालेले, वर्षभरापूर्वी गेले. त्यांनी पहिली जाहिरात पाहून थेट ले-आऊटवाल्यांकडे 51 हजार इसार भरला होता. "भाऊ, मग माझा प्लॉट कुठे आहे?" मी त्यांना जागेवर नेलं. मुरूम, चार खांब आणि कडेने पाणी साचून झालेलं डबकं. त्यांनी पदर सावरला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "ते झाड?" मला उत्तर देता आलं नाही. इसाराचे पैसे ले-आऊटवाल्यांनी दिवाळीनंतर देतो, संक्रांतीनंतर देतो करत अर्धेच दिले. उरलेले मी हप्त्याने फेडले. हे मोठेपणासाठी सांगत नाही. बाईंनी जाहिरातीवरचा माझा नंबर महारेराकडे कळवला असता तर एजंटाला दिवसाला 10 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, तो हिशेबही माझ्या डोक्यात होता.

तेव्हापासून आमच्या दुकानात जाहिरात करायची रीत बदलली. आता नवी पोरं या धंद्यात येतात आणि विचारतात, काका, फोनवर जाहिरात कशी करायची? त्यांना मी आधी पटवाऱ्याकडे पाठवतो. सात-बारा ऑनलाईन मिळतो, डिजिटल सहीचा मिळतो, पण तो वाचता आला पाहिजे. भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2, फेरफार कधीचे, मूळ नाव कुणाचं. आमच्या विदर्भात आणखी एक भानगड आहे ती झुडपी जंगलाची. निस्तारासाठी राखलेल्या या जमिनी पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांतून पसरलेल्या आहेत. कागदावर गवत-काटेरी झुडपं, डोळ्यांना मोकळं मैदान. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात त्या वनजमिनीच मानल्या. अशा तुकड्यावर कुणी प्लॉट पाडले असतील आणि तुम्ही पिवळ्या अक्षरांत त्याची जाहिरात केलीत, तर घेणाऱ्याचा जन्म कोर्टात जाईल आणि नंबर तुमचा असेल.

फोटोच्या बाबतीत आमचा नियम आता साधा आहे. जागेचाच, तारखेसकट, आणि एक पावसाळ्यातला. गडचिरोलीत पूर आला की भामरागडसारखी गावं तुटतात, तिथे उन्हाळ्यातला फोटो म्हणजे अर्धा खोटा. भाचा आता डांबरी रस्त्यापासून प्लॉटच्या खांबापर्यंत चालत, मध्ये न थांबवता व्हिडिओ काढतो. चिखल असला तर चिखल. हा व्हिडिओ पाहून फोन कमी येतात, पण जे येतात ते जागा बघायला येतात. आधी शंभर फोनांमागे दोघे-तिघे गाडीत बसायचे, आता वीस फोनांत तेवढे बसतात. पेट्रोल वाचतं हा आणखी फायदा. नकाशावरची खूणही जागेच्या फाटकावरच लावतो. जवळच्या पेट्रोल पंपावर लावायची चलाखी पुष्कळ जण करतात, गिऱ्हाईक तिथे पोचून फोन करतं तेव्हाच त्याचा अर्धा विश्वास उडालेला असतो.

'लागून', 'जवळ', 'पाच मिनिटांवर' हे शब्द मी पाटीवरून काढून टाकले. किलोमीटर लिहायचे, रस्त्याने मोजून. 'प्रस्तावित' लिहायचंच असेल तर काम कुठवर आलं आहे ते लिहायचं, नाही तर सोडून द्यायचं. वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाच्या नावावर माझ्या धंद्यातल्या लोकांनी किती प्लॉट विकले असतील, देव जाणे. किंमत लपवू नये. 'फोन करा, भाव सांगतो' म्हटलं की बिचारे रिकामटेकडेच फोन करतात. महारेराचा नंबर तर हवाच. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यू.आर. कोडही सक्तीचा आहे आणि तो नसल्यास 50 हजारांपर्यंत दंड. मी गिऱ्हाईकाला सांगतो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, हा चौकोन मोबाईलने टिपा. एजंटांना आता परीक्षाही द्यावी लागते. वयाच्या साठीत मी भाच्याशेजारी बसून ती दिली, त्याला माझ्याहून चार मार्क जास्त पडले. ज्यांनी प्रमाणपत्र घेतलं नाही अशा सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी 2024 साली महारेराने स्थगित केली, तेव्हा आमच्या बाजारातल्या बऱ्याच पाट्या उतरल्या.

आणि जाहिरात कुणाला दाखवायची हे ठरवता येतं, हे नव्या साधनाचं खरं बळ आहे. आम्ही उगाच हैदराबादपर्यंत पैसे जाळत होतो. चंद्रपूरच्या ले-आऊटची जाहिरात चंद्रपूर-बल्लारपूर-भद्रावतीच्या घेऱ्यात आणि पुण्यात राहणाऱ्या आमच्याकडच्या माणसांना दाखवली की पुरे. आलेल्या फोनला तासाभरात उत्तर द्यावं, 'नाही' असलं तरी द्यावं. हे मात्र भिंतीच्या काळातही तसंच होतं.

त्या हिवाळ्यात धान कापून झाल्यावर नातवाचा फोन आला. कापणीला सगळे आले होते. मग जरा अडखळत म्हणाला, "सर, आजोबा म्हणतात, तो फोटो पाहिजे. अक्षरं नसलेला." मी जटपुरा गेटजवळच्या स्टुडिओत मोठा करून घेतला, काच बसवली आणि पुठ्ठ्यात बांधून आलापल्लीला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवला. पोचल्याचा निरोप आठवड्याने आला. फोटो आवडला, भिंतीवर लावला, पण आजोबांची तक्रार आहे. झाडाचा शेंडा कापला गेला आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा पुरं झाड काढा म्हणतात, आणि मोह फुलतो तेव्हा, फाल्गुनात या.